मिरची कालवणारा हात

भिवरा माझ्या पहिल्या वर्गातली. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर एकशिक्षकी शाळा होती, तिथे मी पंचविसाव्या वर्षी रुजू झालो आणि ती चौथीत होती. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जात आणि तिलाही बरोबर नेत, त्यामुळे मागच्या वर्षांच्या हजेरीपटांत तिच्या नावापुढे पाच-पाच महिने नुसत्या रेघा असत. उरलेल्या महिन्यांत मात्र ती वर्गात असली की मला घरून तयारी करून जावं लागे. तिच्या तोंडात एकच शब्द, ‘कावून’.

“गुरुजी, मिरची जिभीला झोंबती, नखाला कावून झोंबत न्हाई?”

मी म्हणालो, “नखाला जाणीव नसते, जिभेला असते.”

“मग डोळ्याला जिभीपेक्षा जास्त कावून?”

याचं उत्तर मला येत नव्हतं. उद्या सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तोडीची गाडी पहाटे निघून गेली होती. त्या वर्षी ती परीक्षेलाही नव्हती आणि पुढे शाळेतही नव्हती.

आज ती बावन्न वर्षांची आहे. केजला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या बचत गटाचं मसाला कांडप केंद्र आहे. गावासाठी ती भिवराबाई, माझ्यासाठी हजेरीपटातली भिवरा. अंगानं बारीक, उभी राहिली की एका पायावर भार देणारी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघणारी. चिमूटभर तिखट तळहातावर घेऊन उन्हात धरलं की मिरची या सालची आहे की मागच्या, हे ती सांगते. आजवर ती चुकलेली मला माहीत नाही.

माघ लागला की केंद्रात अठरा बाया कामाला येतात. मिरची कांडून झाली की मोठ्या परातीत तिखट आणि भाजलेला मसाला घेऊन, वरून तेल सोडून, कोपरापर्यंत हात घालून कालवायचं. उलथन्यानं गुठळ्या राहतात, असं भिवराचं म्हणणं. नवी बाई पहिले आठ दिवस रडते, हात ताकात बुडवून बसते. मग हळूहळू आग कमी होते. बाया म्हणतात, “हात मुरला हिचा.” हात मुरला की बाई पक्की झाली.

दोन वर्षांपूर्वी अशाच हंगामात मंजुषा माझ्याकडे आली. ती माझ्या निवृत्तीच्या सुमाराची विद्यार्थिनी, आता एका औषधनिर्माण महाविद्यालयात संशोधन करते. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून चालायची तिची लहानपणची सवय तशीच होती. तिला मिरचीची सवय असलेल्या, न घाबरणाऱ्या बाया प्रयोगासाठी हव्या होत्या. महाविद्यालयाच्या समितीची परवानगी होती, संमतीचे मराठी कागद होते. मी तिला भिवराकडे घेऊन गेलो.

मिरचीची सवय असलेल्या बाया हव्यात, हे वाक्य आम्ही तिघांनीही किती सहज ऐकलं!

“करायचंय काय नेमकं?” भिवरानं विचारलं.

“मावशी, तुमच्या हातावर मिरचीच्या अर्काचा एक थेंब ठेवायचा. रुपयाएवढा. वीस मिनिटांनी बघायचं.”

“बघायचं काय त्यात? लाल व्हईल.”

“किती लाल होईल?”

“रुपयाएवढं.”

मंजुषा हसली. तिनं स्वतःच्या मनगटाच्या वर थेंब ठेवला आणि आम्ही बसून राहिलो. थेंब रुपयाएवढाच होता, पण वीस मिनिटांनी लाली पसरून जवळजवळ तळहाताएवढी झाली. जिथे मिरची पोचलीच नव्हती तिथलीही कातडी लाल आणि गरम. भिवरा डाव्या हाताच्या बोटांच्या पाठीनं चाचपत राहिली, आपण तापलेला तवा चाचपतो तशी.

“हितवर मिरची गेलीच न्हाई, तरी लाल कावून?”

“कारण खबर गेली,” मंजुषा म्हणाली. “कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. एका टोकाला आग लागली की तो तंतू मेंदूला तर कळवतोच, पण आपल्याच शेजारच्या फांद्यांनाही कळवतो. त्या फांद्या तिथं काही रस सोडतात, आणि रक्ताच्या नळ्या रुंद होतात. म्हणून लाली, गरमपणा, सूज. जखम नाही, जंतू नाही, नुसत्या मज्जातंतूनं घडवलेला दाह.”

“आन् डोळ्यात ही टोकं लई असतील.”

“सगळ्यात दाट तिथंच असतात. बुबुळावर.”

भिवरानं माझ्याकडे पाहिलं. “ऐका गुरुजी. चाळीस वर्सं थांबले मी ह्याच्यासाठी.”

मग मंजुषानं तिचं औषध सांगितलं. सदाफुलीच्या दूरच्या नात्यातलं एक झुडूप परदेशात होतं, त्याच्या पानांतल्या द्रव्यापासून ते बनवतात. रक्ताच्या नळ्या रुंद करणारं औषध म्हणून काही देशांत मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठी देतात. मंजुषानं त्याचं मलम करून घेतलं होतं.

“थांब पोरी,” भिवरा म्हणाली. “नळ्या रुंद झाल्या की लाली येती म्हणलीस. तुपलं औषध नळ्या रुंदच करतंय. मग त्यानं लाली कमी कावून व्हईल? वाढंल की.”

मंजुषानं पिशवी छातीशी घट्ट धरली. मग म्हणाली, “माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं. मला वाटतं, ते औषध नळ्यांवर एक काम करतं आणि मज्जातंतूच्या टोकांवर दुसरंच. टोकांना गप्प करतं. खरं की खोटं, तेच बघायचंय.”

“मग बघू,” भिवरा म्हणाली, आणि त्या क्षणापासून ते काम तिचंही झालं.

प्रयोग साधा होता. प्रत्येक बाईच्या एका हाताला औषधाचं मलम, दुसऱ्याला तसंच बिनऔषधाचं. तासाभरानं दोन्ही हातांवर मिरचीचा थेंब. मग लालीच्या कडेनं पारदर्शक कागदावर रेघ काढायची. तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचे, अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरायचा, लहान सोडून द्यायचा. आठवीला मी हेच शिकवत असे, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. कुठला कागद औषधाच्या हाताचा, हे मला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

अडचण बसची होती. मंजुषाची एसटी अकराला पोचायची आणि मलम दहाला लागायला हवं होतं. म्हणून मलम लावायचं काम भिवराकडे आलं. मंजुषानं यादी करून दिली. अठरा नावं, नऊ जणींना औषध उजव्या हाताला, नऊ जणींना डाव्या, चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. डब्यांवर फक्त एक आणि दोन असे आकडे. भिवरानं मलम लावून नावापुढे बरोबरची खूण करायची, आणि लालीची रेघ काढलेल्या कागदावर उजवा-डावा न लिहिता फक्त डब्याचा आकडा टाकायचा. चैत्रातल्या तीन आठवड्यांत सगळ्या अठरा जणी झाल्या.

निकाल बघून मीच चकित झालो. प्रत्येकीच्या एका हाताची लाली विसाच्या पुढे चौकोन, दुसऱ्याची पाच-सहा. मंजुषानं औषधाच्या डब्याचा आकडा लावून पाहिला, तर औषधाच्या हाताची लाली चौथ्या हिश्शावर आली होती. इतका मोठा फरक तिनंही धरला नव्हता. श्रावणात तिला समितीपुढे निकाल मांडायचे होते. ते पटले तर पुढचं काम मोठ्या रुग्णालयात होणार होतं, नाही तर विषय बदला, असं मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती पेढे घेऊन आली. आभारात भिवराचं पूर्ण नाव येणार, हेही सांगितलं.

माझ्या हातात त्या वेळी फक्त दोन-दोन आकडे होते, यादी नव्हती. यादी असती तरी मला काही दिसलं असतं, असं म्हणवत नाही.

मंजुषानं पेढा देताना सहज सांगितलं, “फक्त एकच कागद उलटा आलाय. छबुबाईंचा. त्यांची औषधाच्या हाताची लाली बावीस आणि साध्या हाताची पाच. काहीतरी अदलाबदल झाली असेल. तो बाजूला ठेवते.”

छबुबाई म्हणजे भिवराची धाकटी जाऊ, गोल चेहऱ्याची, बोलण्यात कुणाला न ऐकणारी. ती तिथेच मिरचीचे देठ खुडत बसली होती.

“ठिवा ठिवा, मला बाजूला ठिवा,” ती म्हणाली. “जन्मभर हेच चाललंय. पंगतीत वाढायला उठलं की म्हणायचं, डावरी ती, तिला बसवा. आता कागदातूनबी उठवा.”

बाया हसल्या. भिवरा हसली नाही. तिच्या हातातला पेढा तसाच राहिला.

पुढचे चार दिवस ती माझ्याकडे आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आली, तेव्हा तिच्या हातात दोन पारदर्शक कागद होते, केंद्रातल्या पिशव्यांच्या प्लॅस्टिकचे कापलेले.

“मोजा गुरुजी.”

मी मोजले. एकात एकवीस चौकोन, दुसऱ्यात चार.

“वा! म्हणजे पुन्हा तेच आलं. औषध लागू पडतंय.”

“औषध लावलंच न्हाई,” ती म्हणाली. “दोन्ही हात कोरडे. नुसता थेंब. मंजुषानं अर्काची बाटली ठिवलीय मपल्याकडं. हा एकवीसवाला डावा. हा चारवाला उजवा.”

मला समजायला थोडा वेळ लागला. ती थांबली, मी समजेपर्यंत. मग उजवा हात पुढे करून तिनं कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं.

“मुरलेला हाय हा. ह्याच हातानं कालवतो आमी समद्या. छबी तेवढी डाव्यानं कालवती. म्हणून तिचं उलटं आलं. तिचं चुकलं न्हाई गुरुजी. तिचंच तेवढं बरुबर हाय.”

“पण यादीत तर नऊ जणींना औषध डाव्या हाताला होतं,” मी म्हणालो. “मग त्यांचंही उलटं यायला हवं होतं.”

भिवरा खाली बसली. पदराचं टोक दोन्ही हातांनी सरळ करत राहिली.

“यादीपरमाणं लावलंच न्हाई मी.”

मग तिनं सगळं सांगितलं. डब्यांवर नुसते आकडे होते, पण एक मलम दुधासारखं पांढरं आणि दुसरं किंचित पिवळसर. झाडाचं कुठलं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं. यादीत पहिलंच नाव सुंदरबाईचं होतं, औषध डाव्या हाताला. सुंदरबाईनं हात मागे घेतला. म्हणाली, “परसाद डाव्या हातात घेतेत का? औषध म्हणजे धन्वंतरीचं देणं. ते उजव्यालाच लाव.” भिवरालाही ते पटलं. शरीर एकच, रक्त एकच, मग हातानं काय फरक पडतो? तिनं सगळ्यांनाच औषध उजव्या हाताला लावलं, आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण केली.

“खुणा केल्या मी गुरुजी. अठराबी. तिनं इचारलं असतं तर खोटं बोलले नसते. पण तिनं इचारलं न्हाई, कारण खूण व्हती.”

मी शिक्षक होतो, असल्या कबुल्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. बहुतेकांत कुणाचं तरी दुसऱ्याचं नाव असतं. हिनं सुंदरबाईचं नाव सांगितलं ते घटनेसाठी, दोष वाटून घ्यायला नव्हे.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“तिला सांगायचं. पण पेढे वाटलेत वो तिनं.”

सुग्रीव, भिवराचा नवरा, केंद्रातला गिरणीचा पट्टा बघणारा माणूस. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “तुला काय पडलंय? पोरीचं काम झालंय, तुपलं नाव छापून यायलंय. गप बस की.”

“आन् उद्या दवाखान्यात कुणाला ते लावलं आन् उपेग न्हाई झाला म्हंजे?”

“दवाखान्यात डॉक्टर असतेत.”

“त्यांच्यापुढं कागद कुणाचा जाणार? मपल्या खुणांचा.”

पुढच्या बुधवारी मंजुषा आली. भिवरानं तिला परातीजवळ बसवलं, चहा दिला नाही, आधी बोलली. दोन प्लॅस्टिकचे तुकडे पुढे ठेवले. मंजुषा ऐकत गेली तसा तिचा चेहरा बारीक होत गेला. ती रागावली नाही असं मी लिहिणार नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

“मावशी, यादी कशासाठी होती? एवढंच पाळायचं होतं!”

“व्हय.”

“दोन महिन्यांनी माझी समिती आहे.”

“व्हय पोरी.”

मग मंजुषानं तो चार चौकोनांचा कागद उचलला आणि उजेडात धरला.

“यादी पाळली असती ना,” ती सावकाश म्हणाली, “तर नऊ जणी इकडे, नऊ तिकडे, सगळा घोळ झाला असता आणि मी म्हटलं असतं औषध निरुपयोगी आहे. तेही चूकच ठरलं असतं. ज्या हाताची टोकं आधीच गप्प झालीत, त्यांना औषध आणखी काय गप्प करणार? मी बायाच चुकीच्या निवडल्या, मावशी. मिरचीची सवय असलेल्या. आणि दोन मलमांचा रंग वेगळा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“रंग मला दिसला व्हता. सांगाया पायजे व्हतं.”

“मिरचीनं टोकं थकतात, असं वाचलं होतं मी,” मंजुषा म्हणाली. “वाचलं होतं हो. परात रोज डोळ्यांसमोर होती.”

छबुबाई मागून म्हणाली, “म्हंजे मपला कागद खरा?”

“तुमचा कागद नसता तर काहीच कळलं नसतं.”

“ऐकलं का गं सुंदरे? डावरीचा खरा.” त्या दिवशी तिनं हे निदान दहा वेळा सगळ्यांना ऐकवलं.

मंजुषानं समितीपुढे आहे तसं सांगितलं. तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिनं मला सगळं सांगितलं नाही. विषय बदलावा लागला नाही. पुन्हा करून दाखवायला सहा महिने मिळाले. रुग्णालयाचं काम मात्र तेव्हा दुसऱ्या कुणाला गेलं.

दुसऱ्या फेरीत मिरची न कालवणारी माणसं घेतली. शाळेतल्या शिक्षिका, एक शिंपी, एसटीचे वाहक. दोन्ही मलमं एकाच रंगाची. मलम लावायला पुन्हा भिवराच. मंजुषानं तिचंच नाव धरलं, मी काही सुचवलं नव्हतं. बद्रीनाथ नावाचा भारदस्त वाहक उजवी बाही सरसावून बसला.

“डावा,” भिवरा म्हणाली.

“अहो मावशी, औषध हाय ना ते? मग उजव्यालाच लावा की. देवाधर्माचं आपलं...”

“डावा म्हंजे डावा. यादीत हाय. हात पुढं करा न्हाईतर बस सुटंल तुमची.”

त्यानं डावा हात पुढे केला. तिनं मलम लावलं, मग खूण केली. आधी खूण आणि मग मलम, असं तिनं एकदाही केलेलं मी पाहिलं नाही, आणि मी मुद्दाम बघत होतो.

त्या फेरीचा निकाल पेढ्यांचा नव्हता. औषधाच्या हाताची लाली पाचांत एक भाग कमी, काहींची तर अजिबात कमी नाही. मंजुषानं तसंच लिहिलं. नळ्या रुंद करणारं औषध मज्जातंतूंना थोडं गप्प करतं असं दिसतं, पण का, ते अजून कळलेलं नाही. आपल्याला ठाऊक नाही हे लिहिताना ती आता कचरत नाही, एवढं मला तिच्या कागदात दिसलं. शेवटी कांडपाच्या बायांवर एक वेगळा परिच्छेद आहे. तो मी वाचून दाखवला तेव्हा भिवरानं एकच विचारलं, “मुरलेला हात परत कवा येतो, ते हाय का ह्यात?”

नव्हतं. मंजुषा म्हणाली, तुम्हीच बघा. तिनं त्याचीही रीतसर परवानगी आणली.

पुढच्या ज्येष्ठात हंगाम संपला आणि परात पालथी पडली. भिवरा दर आठ दिवसांनी उजव्या हातावर थेंब ठेवायची, रेघ काढायची आणि कागद मला आणून द्यायची. चार, पाच, पाच, आठ, अकरा. मध्ये एकदा सात आला तेव्हा तिनं माझी मोजणी पुन्हा करायला लावली. सातच होता. तिनं तो बाजूला ठेवला नाही. नवव्या कागदाच्या वेळी ती स्वतःच हात फुंकत आली, डोळ्यांत पाणी.

“जळायलंय गुरुजी! लई जळायलंय!” आणि हसत होती.

मी मोजले. उजवा एकोणीस, डावा वीस.

या माघात केंद्र पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा परात भरलेली होती, तेल सोडलेलं होतं, आणि छबुबाई डावा हात कोपरापर्यंत घालून बसली होती. भिवरानं बांगड्या वर सरकवल्या होत्या, पण हात अजून घातला नव्हता. भिंतीवर खिळ्याला एक कागद अडकवलेला होता, चौथीतल्या अक्षरात लिहिलेला: तारीख, हात उजवा, दिवस पहिला.

“इतकं करून जिवंत झालेला हात पुन्हा घालणार?” मी विचारलं.

“मुरायला किती दिस लागतेत, ते कुणी मोजलंय का?”

“नाही.”

“मग?”

तिनं आधी थेंब ठेवला, वीस मिनिटं थांबली आणि कागद माझ्या हातात दिला. मग परातीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तोंड वाकडं करून ओरडली. बाया हसायला लागल्या. सुग्रीवनं ताकाचं भांडं आणून शेजारी ठेवलं.

मी ओट्यावर बसून चौकोन मोजले. वीस होते. तिला सांगितलं तेव्हा तिनं डाव्या हातात पेन घेतला, वाकड्या अक्षरात वीस लिहिलं आणि मग पुढे खूण केली.